टोरांटो ते अकोला, अकोटमार्गे

इंटरनेटवर एक पान आहे. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं त्यात टाकली की ते त्यांच्यातलं अंतर सांगतं आणि विमानाला किती वेळ लागेल तेही सांगतं. टोरांटो आणि अकोला टाकलं तर बारा हजारांच्या वर किलोमीटर येतात आणि वेळ येतो पंधरा तासांच्या आसपास. अकोल्याजवळ शिवणीला धावपट्टी आहे हे त्या पानाला ठाऊक आहे. तिकीट काढून बसायचं विमान तिथे उतरत नाही, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नाही. टोरांटोहून सरळ रेघ मारायची, ती अकोल्यात आणून टेकवायची आणि तिला विमानाच्या वेगानं भागायचं, एवढंच त्याचं काम.

असली गणितं मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवली. एक गाडी ताशी इतक्या वेगानं निघाली तर कधी पोचेल. त्या गाडीत कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही, तिचं टायर पंक्चर होत नाही. एखादं पोरगं विचारायचंच, "मॅडम, मधात स्टॉप नाई काय?" मी डाफरायची, दिलंय तेवढंच पाहा. माझ्या मामानंही तेच केलं. नातवानं ते पान काढून दाखवलं, मामानं दिलंय तेवढंच पाहिलं आणि फोनवर माझ्या आईला शब्द देऊन टाकला.

"बाई, पंधरा घंट्यात तुह्या समोर उभा राह्यतो."

आई तेव्हा माझ्याकडे अकोल्याला होती, पलंगाला खिळलेली. वडील गेल्यावर तिनं तेल्हाऱ्याचं घर आणि वावर धाकट्या दिराच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, हवाली केलं आणि ती आमच्याकडे आली. मी एकुलती एक. जावयाच्या घरचं बसून खायचं नाही म्हणून ती रोज काहीतरी काम उकरून काढायची. गहू निवडून झाले की निवडलेलेच पुन्हा सुपात घ्यायची. मग तिचं हृदय थकलं. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, आणि शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. डॉक्टर माणूस भला होता, पण डॉक्टरांनी असं म्हटलं की काय समजायचं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मी समजले. आईही समजली. गाडीत बसल्या बसल्या ती मला म्हणाली, "त्याले बोलाव."

'त्याला' म्हणजे मामाला. आईचं माहेर अंजनगाव सुर्जीचं, आणि त्या माहेरात आता तो एकटाच उरला होता. तिच्याहून बराच लहान, तिनं कडेवर वागवलेला. तोही आता म्हातारा झाला होता, गुडघे गेले होते. पण नेमका त्या हिवाळ्यात तो मामीला घेऊन टोरांटोला लेकाकडे गेलेला. नातवाला सांभाळायला म्हणून गेला आणि, त्याचंच म्हणणं, दिवसभर खिडकीतून बर्फ राखत बसला.

मुऱ्हाळी हा शब्द आता घराघरांतून गेलाच. लग्न झालेल्या मुलीला सणासुदीला माहेरी न्यायला भाऊ किंवा बाप यायचा, तो मुऱ्हाळी. तो आल्याशिवाय सासरची माणसं सुनेला पाठवायची नाहीत आणि सूनही आपण होऊन निघायची नाही, माहेर कितीही जवळ असलं तरी. आईचं लग्न झालं तेव्हा मामा पोरसवदा होता. पहिल्यांदा एकटा तिला घ्यायला निघाला तेव्हा त्याला अकोटला उतरून तेल्हाऱ्याची गाडी धरायची होती. हा खिडकीपाशी झोपून गेला आणि एस्टी त्याला घेऊन थेट अकोल्याला पोचली. इकडे तेल्हाऱ्याला आई गाठोडं बांधून दाराशी बसलेली. दिवस कलला तशी तिची सासू म्हणाली, सोड ते गाठोडं, उद्याचं उद्या पाहू. आईनं गाठ सोडली नाही. त्याच गाठोड्यावर डोकं टेकून झोपली. दुसऱ्या दिवशी कुणी ओळखीच्या माणसानं मामाला हाताला धरून आणून सोडलं. त्याला पाहिल्याबरोबर आई जी उठली, ती त्याला चहाही पिऊ न देता निघाली. ही हकीकत आमच्याकडे दर भाऊबिजेला निघायची आणि मामा दरवर्षी तेवढाच ओशाळायचा.

"मुऱ्हाळी आल्याबिगर मी कशी जाऊ व?" पलंगावरून आई मला म्हणाली. ती काही कोड्यात बोलत नव्हती. तिला तेच म्हणायचं होतं आणि मला ते नीट कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन मामाला फोन लावून दिला. तेव्हाच त्यानं तो पंधरा तासांचा शब्द दिला.

शब्द देऊन झाल्यावर मामाला कळलं की असं विमान या पृथ्वीच्या पाठीवर नाही. तिकीट मिळालं ते दुसऱ्या दिवसाचं, तेही दुबईला विमान बदलून मुंबईपर्यंतचं. दुबईत पाऊण दिवस बसून राहायचं. मुंबईहून पुढे एक तर नागपूर आणि तिथून गाडीनं अकोला, नाहीतर अमरावतीचं विमान. अमरावतीजवळ बेलोऱ्याला मुंबईचं विमान आता येतं, पण रोज येत नाही. नशिबानं तो दिवस विमानाचा निघाला. माझ्या मामेभावानं हे सगळं जुळवलं, मामीनं नातवाजवळ थांबायचं ठरलं, बापासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली आणि सगळ्या वेळा मला पाठवल्या. तिकडच्या दारातून निघाल्यापासून आमच्या फाटकापर्यंत पाहिलं तर ते दोन दिवसांवर जात होतं. मी मामाला फोन केला आणि झापलं.

"मामा, पंधरा घंटे तुमाले कोनं सांगतले?"

"त्या फोनात होतं ना व."

"फोनात काईबी असते! तुमी आईले काहून सांगतलं? थे इकडे घड्याळ पाहून राहिली."

"मंग आता व?"

"आता काय, लवकर या."

त्या दोन दिवसांत मामाशी जितक्यांदा बोलले तितक्यांदा फोन ठेवताना मी हेच म्हटलं. लवकर या मामा, लवकर या. जसं काही विमान तोच हाकणार होता.

आईनं मात्र शब्द मिळाल्या क्षणापासून मोजायला घेतलं होतं. तिला घड्याळ दिसत नव्हतं, पण नळाला पाणी कधी येतं, शेजारची पोरं शाळेतून कधी परततात, यावरून तिला वेळ बरोबर कळायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "झाले ना व पंधरा घंटे?" मी म्हटलं, झाले, पण मामाचं विमान अजून निघायचं आहे. तिनं तोंड भिंतीकडे केलं. ते मला सोसवेना. मी त्या पानाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मला चांगल्या शिव्या येतात.

संध्याकाळी विमान निघालं तसं मी फोन तिच्यासमोर धरला. त्यावर नकाशा दिसतो आणि एक लहानसं विमान पुढे पुढे सरकतं.

"हे काय हाय निळं निळं?"

"समुद्र."

"आता किती राह्यलं?"

मी किलोमीटर सांगितले. तिनं फोन हातानं बाजूला केला.

"किलोमीटर नको सांगू मले. मले इमान समजत नाई, एस्टी समजते. तू एस्टीनं सांग."

"एस्टीनं कसं सांगू?"

"थो अंजनगावून अकोल्याच्या गाडीत बसला समज. आता कुठी आला?"

अंजनगाव, अकोट, चोहोट्टा बाजार, गांधीग्रामचा पूल, अकोला. हा रस्ता तिला तोंडपाठ होता. मी प्रमाणाचं गणित मांडायला घेतलं. टोरांटो ते दुबई इतकं, दुबई ते मुंबई इतकं, तर अकोट कुठे पडतं. ते काही जमेना. दुबई अकोटच्या फार पुढे निघून जात होती. मग मनात आलं, गाडी बदलायची ती अकोटला, हे आईच्या आयुष्यातलं प्रमाण, त्यापुढे माझ्या प्रमाणाची काय मातब्बरी. दुबईला मी अकोट केलं आणि तिला सांगितलं, "अंजनगावच्या बाहेर पडला."

"शहानूर नदी ओलांडली काय?"

"ओलांडली."

"खिडकीपाशी जागा भेटली?"

"भेटली."

"मंग झोपला असन. अकोटले उठवा म्हनाव कोनाले तरी. नाईतं जाईन पुढे."

एवढं बोलून ती हसली. त्या आठवड्यात ती हसलेली मी तेवढीच पाहिली. रात्री तिला झोप लागली, आणि मीही तिच्या पायथ्याशी अंग टाकलं.

सकाळपासून पुन्हा तेच. मी येता-जाता फोन पाहायची आणि तिला सांगायची. मामाच्या विमानानं कुठले कुठले देश मागे टाकले ते मला आता आठवत नाही, मला अंजनगाव ते अकोट रस्त्यावरची शिवारं तेवढी आठवतात. आई मधूनच विचारायची, कपाशी वेचून झाली असेल काय, तुरी कशा आहेत. मी सांगायची, तुरी पिवळ्या पडल्या. माझ्या नवऱ्याला हे सगळं ऐकून पहिल्यांदा वाटलं असेल की म्हातारीबरोबर लेकीचंही डोकं गेलं. पण तो शहाणा माणूस आहे. ऑफिसातून आल्यावर त्यानं बूट काढता काढता विचारलं, "मामा कुठवर आले?" मी म्हटलं, "अकोट स्टँडवर बसले आहेत." तो "बरं" म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुबईतला तो पाऊण दिवस मला जड गेला. मामाचा फोन तिथे चालत नव्हता. विमानतळाचा वायफाय त्याला जोडता येणं शक्य नव्हतं. नकाशावरचं विमान नाहीसं झालेलं. आई दर थोड्या वेळानं डोळे उघडायची.

"कुठी आला?"

"अकोटलेच हाय आई."

"अजून? काय करून राहिला थो तथी? चहा पेत बसला काय?"

"पुढची गाडी नाई आली अजून."

"अकोटचं नेहमीचंच हाय थे," ती म्हणाली आणि कूस बदलायला माझा हात मागितला. तिच्या हाताला वजन उरलं नव्हतं. संध्याकाळी तिनं दोन चमचे वरण घेतलं. मी तिसरा पुढे केला तर म्हणाली, त्याच्यासाठी ठेव.

पुढच्या दिवशी पहाट सरताना विमान दुबईहून उडालं. उजाडल्यावर मी आईजवळ बसले. तिचा श्वास बदलला होता. मोठा एक श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी नवऱ्याला उठवलं. तो तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "निघाली आई गाडी अकोटाहून."

"हं."

"चोहोट्टा आलं."

तिचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. "पूल," ती म्हणाली. "थो तं बंद पडला होता ना व?"

गांधीग्रामचा जुना पूल मधे खरंच बंद पडला होता आणि अकोटची वाहतूक दूरवरून फिरून यायची. ते तिच्या लक्षात होतं. त्या अवस्थेतही तिला काळजी होती ती भावाची गाडी फेऱ्यानं येईल याची.

"बाजूनं रस्ता काढला आई. आता लवकर येते गाडी."

तिनं डोळे मिटले. मी फोनमध्ये पाहिलं. विमान अरबी समुद्रावर अर्ध्याच्या पुढे आलं होतं. मी म्हटलं, "पुलावर आला." तिनं हं केलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग नवऱ्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

थोड्या वेळानं मी तो परत मागून घेतला आणि पाहिला. ते विमान तसंच सरकत होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या लेखी माझी आई अजून जिवंत होती. त्या घडीला अख्ख्या जगात तसा तो एकटाच होता, आणि मला त्याचा हेवा वाटला.

काका तेल्हाऱ्याहून आले. माणसं जमली. बायका आईभोवती बसल्या. काकांनी मला बाजूला घेतलं.

"बेटा, दिवस लहान हाय. सूर्य बुडाल्यावर नेत नाई. तुहा मामा कधी येईन काय भरवसा."

"दुपारी बेलोऱ्याले उतरते. चार वाजेलोक येते."

"इमान लेट झालं तं?"

"तं उद्या नेऊ."

"रातभर ठेवतं काय वहिनीले?"

"ठेवतो. पेटी आनाले सांगतली बर्फाची."

काका वाईट माणूस नाही. वडिलांच्या मागे ते आईला एकदाही उणं बोलले नव्हते. पण जित्राब असो की माणूस, मेलेलं घरात ठेवणं त्यांना सोसत नाही. त्यांनी मग दुसरी वाट काढली. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ आणतो, भाऊ नसेल तर भाचा, आणि ते अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. माहेरचं कोणीच उरलं नसेल तर तिच्या गावच्या एखाद्या बाईला माहेर मानतात. आमच्या मागच्या गल्लीत अंजनगावची एक सून होती. काका म्हणाले, तिच्या हातून टाकू, चालते.

"नाई चालत," मी म्हटलं. "तिचा भाऊ येऊन राहिला."

मी एकदा नाही म्हटलं की मग नाहीच, हे काकांनी मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून पाहिलं आहे. ते अंगणात जाऊन बसले.

मला मात्र तेव्हाच आठवलं की मामा येईल तो रिकाम्या हातानं. त्याला काही माहीतच नाही. आणि माहीत नसताना असलं लुगडं कोणी आणत नाही. माणूस जिवंत असताना ते घेणं म्हणजे त्याचं मरण मागणं. एवढ्या माणसांत, बारा हजार किलोमीटरवरून येऊन, मामा लुगड्यावाचून उभा राहणार. मी कपाट उघडलं, एक कोरी साडी शोधली आणि पदराखाली ठेवली. फाटकातच त्याच्या हातात द्यायची असं ठरवलं.

मग मुंबईहून फोन आला. कुणा परक्या माणसाचा नंबर होता, आवाज मामाचा.

"आलो व मी मुंबईले. बाई कशी हाय?"

मी अंगणाच्या कोपऱ्यात गेले. बायकांचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर हात धरला. त्याला अजून एक विमान पकडायचं होतं. एकट्यानं, दुखऱ्या गुडघ्यांनी. मधेच कुठे कोसळला तर तिथे त्याला धरायला कोण होतं?

"वाट पाहून राहिली," मी म्हटलं.

"बोलते काय?"

"तुमी सावकाश या मामा. जपून या. घाई करू नका."

तिकडे विमानतळावर घोषणा करणारी बाई कुठल्या कुठल्या गावांची नावं घेत होती, तेवढं ऐकू येत होतं. मग मामा "बरं" म्हणाला आणि फोन त्या माणसाला देऊन टाकला. मला वाटलं, निभावलं.

बेलोऱ्याला मी गाडी पाठवली होती. ड्रायव्हरला बजावलं होतं, बाबांना काही सांगायचं नाही, विचारलं तर मला माहीत नाही म्हणायचं. विमान वेळेवर उतरलं. तिथून सरळ बडनेऱ्याकडे वळायचं आणि अकोल्याच्या रस्त्याला लागायचं, अमरावती शहरात शिरायचं काही कारण नाही. मी हिशोब केला. मूर्तिजापूर अमुक वाजता, बोरगाव मंजू तमुक वाजता. दिवस बुडायच्या आत सगळं होत होतं. अंगणात काका दर पाच मिनिटांनी उन्हाकडे पाहायचे आणि मग माझ्याकडे पाहायचे.

मूर्तिजापूर यायला हवं होतं तेव्हा मी ड्रायव्हरला फोन केला.

"आता निघालो ताई अमरावतीतून."

"अमरावतीतून? गावात कशाले गेले?"

"बाबा म्हनले, पयले गावात घे, काम हाय. बजारात उतरले होते."

माझं डोकंच फिरलं. ड्रायव्हरला मी नाही नाही ते बोलले. तो बिचारा ऐकून घेत राहिला. फोन ठेवला आणि मग मला समजलं, मामा बाजारात कशाला उतरला असेल. संत्री. दिवस संत्र्यांचे होते आणि आईला अमरावतीची संत्री लागायची. टोरांटोला जाण्याआधी तो तिला भेटायला आला तेव्हाही पिशवी भरून घेऊन आला होता. म्हाताऱ्याला वाटलं असेल, बहीण वाट पाहते आहे, रिकाम्या हातानं कसं जावं. तो संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहील, आणि दारात एवढी माणसं. मी ओसरीवर खाली बसले. सकाळपासून आलं नव्हतं ते रडू मला तेव्हा आलं, त्या संत्र्यांचं. नवऱ्यानं पाणी आणून दिलं.

ऊन पिवळं पडलं तेव्हा गाडी आली. काका उठून उभे राहिले. मी पदराखाली साडी धरून फाटकाकडे धावले. मामा गाडीतून उतरत होता. अंगात लेकानं घेऊन दिलेला तो बर्फातला जाडजूड कोट, अकोल्याच्या उन्हात. एका हातानं गाडीचं दार धरलेलं आणि दुसऱ्या हातात पिशवी. संत्र्यांची नव्हती. कापडाच्या दुकानाची होती.

त्यानं मला काही विचारलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेला. माणसांनी वाट दिली. तो गुडघे धरत आईजवळ बसला आणि त्यानं पिशवीतून लुगडं काढलं. नऊवारी होतं, फिकट राखाडी, बारीक काठाचं. आई जन्मभर नऊवारीच नेसली. माझ्या पदराखालची साडी सहावारी होती, हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मामानं घडी मोडली, ते तिच्या अंगावर घातलं, पायांशी नीट केलं, डोक्यावरून घेतलं.

"आलो व बाई घ्याले," तो म्हणाला. "चाल."

मग तो तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. काकांनी त्याला थोडा वेळ रडू दिलं, मग खांद्याला धरून उठवलं. आईला दिवस बुडायच्या आत नेलं. पुढच्या अंगाला एका बाजूनं मामानं खांदा दिला. गुडघ्यांचं कोणी काढलं तर त्यानं ऐकलं नाही.

सगळे परतले, आंघोळी झाल्या. शेजारच्यांनी चहा आणून दिला. मामा ओसरीवर बसला होता, कोट काढून, नवऱ्याचा सदरा घालून. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. दिवसभराचा राग कुणावर तरी काढायचा होता, तो ड्रायव्हरवर काढायचं मी ठरवून टाकलं होतं.

"त्या डायवरनं सांगतलं ना तुमाले? मी त्याले बजावलं होतं."

"नाई व. थो तं निरा गप्प होता."

"मंग कोनं सांगतलं?"

"तूनंच."

मामानं कप खाली ठेवला.

"तिकडे होतो तं दर फोनले तू म्हनाची, मामा लवकर या, लवकर या. मुंबईत उतरलो तं म्हनली, सावकाश या." त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "मंग बेलोऱ्याले उतरलो आन् डायवरले म्हनलं, पयले गावात घे बापा. आता घाई नाई."